वेल्डिंगला मरण नाही

...आणि वर ताई मलाच विचारते, तू त्यांना अडवलं का नाहीस! आता तुम्हीच सांगा, एकोणपन्नास वर्षांचा माणूस, गुडघ्याला पट्टा, डोळ्याला चाळिशी, घरात एक खिळा ठोकायचा तर आधी दोन दिवस नुसता भिंतीकडे बघत बसणारा, तो एक दिवस उठतो, टेक्निकल कॉलेजात जातो, वेल्डिंगच्या कोर्सला नाव घालतो, आणि त्याला अडवायचं कुणी, तर मी? मेहुण्याने? अहो, त्यांना तिथं धाडलं कुणी, तर खुद्द ताईने. आणि धाडलं कोणत्या वाक्यावर, तर खुद्द दाजींच्याच. बावीस वर्षं ते वाक्य त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवलं, आमचे कान किटले त्याने... वेल्डिंगला मरण नाही.

बरं, असं मधूनच नको. पहिल्यापासून सांगतो.

आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, एका शाळेत करिअर मार्गदर्शक होते. हे पद काय असतं विचाराल, तर शाळा संपत आलेल्या पोरांना पुढे काय करायचं ते सांगायचं. आता ज्या माणसाला हॉटेलात काय मागवायचं ते ताईला विचारावं लागतं, तो दुसऱ्याच्या पोरांना आयुष्यभर काय करायचं ते सांगायचा, पण असो. शाळेने त्यांना खोली दिली होती, म्हणजे खेळाच्या सामानाची खोली होती, तिच्यात मधोमध कपाट उभं केलं, पलीकडे फुटबॉल, अलीकडे दाजी. भिंतीवर एक तक्ता, त्यावर चौसष्ट व्यवसाय, प्रत्येकाचं चित्र. टेबलावर चाळीस प्रश्नांचा कागद. पोरगं बिचारं मान खाली घालून खरी खरी उत्तरं लिहायचं, आई किंवा बाप शेजारी जीव मुठीत धरून बसायचे, आणि मग दाजी कागद बघायचे, चष्मा काढायचे, खुर्चीत मागे रेलायचे, आणि सावकाश म्हणायचे... वेल्डिंग.

तुम्हाला सांगतो, चौसष्ट व्यवसाय भिंतीवर, आणि तोंडातून बाहेर पडायचा एकच! का? तर टेक्निकल कॉलेजातून दरवर्षी माहितीपत्रकांचा एक गठ्ठा यायचा, गुळगुळीत कागद, रंगीत ठिणग्या, तो टेबलावर हाताशी असायचा. बाकी सगळ्या कोर्सच्या जागा भरलेल्या, वेल्डिंगला मात्र बारा महिने जागा रिकामी. मग मुलगा हुशार असो, मठ्ठ असो, चित्रं काढणारा असो की प्राणी पाळणारा, दाजी गठ्ठ्यातला एक कागद उचलायचे आणि आईबापाच्या हातात ठेवायचे. आईबाप हळूच विचारायचे, नोकरी मिळेल ना हो? त्यावर ते ठरलेलं. वेल्डिंगला मरण नाही.

आता दाजींनी वेल्डिंग पाहिलं होतं का? पाहिलं होतं. एकदा. दारातून, पांढरा शर्ट घालून. आणि आतला माणूस ओरडला की इकडे बघू नका, डोळे जातील, म्हणून दाजींनी आज्ञाधारकपणे तोंड फिरवलं आणि दहा मिनिटं भिंत बघितली. त्या भिंतीच्या जोरावर बावीस वर्षं मार्गदर्शन!

मग शाळेने एक दिवस कॉम्प्युटर आणला. त्यात तेच चाळीस प्रश्न, पोरांनी बटणं दाबायची, तीन मिनिटांत उत्तर. मुख्याध्यापिका बाई फार चांगल्या, त्यांनी दाजींना बोलावून सांगितलं की तुमच्या अनुभवाला तोड नाही, तुमच्या जागी कुणीही येऊ शकणार नाही, आणि म्हणून आम्ही कुणाला आणतच नाही आहोत. शेवटच्या दिवशी कपाटाच्या अलीकडचं सामान खोक्यात भरल्यावर दाजींना काय वाटलं कुणास ठाऊक, ते त्या यंत्रापुढे बसले आणि चाळीसच्या चाळीस प्रश्नांची उत्तरं दिली. अगदी प्रामाणिकपणे. यंत्राने तीन मिनिटं विचार केला आणि पडद्यावर उत्तर आलं. आपण चौऱ्याण्णव टक्के ज्या कामासाठी योग्य आहात ते काम म्हणजे, करिअर मार्गदर्शक.

आता बोला. ज्याने खुर्ची काढून घेतली तोच म्हणतो, तुम्ही खुर्चीत काय शोभून दिसता हो!

मग दाजी तीन महिने घरी. दुसऱ्या शाळांमध्ये चौकशी केली, तर तिथंही यंत्र पोचलेलं. माझी ताई रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे, दिवसभर लोकांना सुया टोचते, आणि तिची ही कला फक्त हातात आहे असा कुणी समज करून घेऊ नये. तीन महिने ती काही बोलली नाही, हे मी तिच्या बाजूने मान्य करतो. चौथ्या महिन्यात एके दिवशी सकाळी ती भांडी घासत होती, दाजी मागे टेबलाशी पेपर वाचत होते, म्हणजे तोच पेपर दुसऱ्यांदा वाचत होते, आणि ती मागे न वळता म्हणाली, "तुम्हीच म्हणता ना, वेल्डिंगला मरण नाही? मग जा की."

एवढंच. पुढची ताटली घासायला घेतली.

आता दाजींना म्हणता आलं असतं की अगं, ते माझ्यासारख्यासाठी नाही. पण म्हणणार कसं? आपल्यासाठी नाही, मग त्या हजारेक पोरांसाठी होतं, ते काय म्हणून? लोका सांगे ब्रह्मज्ञान, ही म्हण दाजींनी स्वतः त्या खोलीत फळ्यावर लिहिली होती, सुविचार म्हणून. घशात अडकली ती. पेपरची घडी घातली, शर्ट चढवला आणि गेले. कॉलेजात त्यांच्या हातात अर्ज दिला. त्यात रकाना, या कोर्सची शिफारस आपल्याला कुणी केली? दाजींनी पेन उघडलं, मिटलं, परत उघडलं, आणि लिहिलं, स्वतः.

तर पहिला दिवस. लांबलचक पत्र्याची शेड, दोन्ही बाजूंना कप्पे, प्रत्येक कप्प्याला जाड लाल पडदा, आणि पडद्यांमागे असा चरचर आवाज की जणू दहा तव्यांवर एकदम काहीतरी तळतंय. सतरा-अठरा वर्षांची बावीस पोरं, आणि तेविसावे दाजी, इस्त्रीचा शर्ट, खिशाला प्लॅस्टिकचं पेन. पेन तिसऱ्या दिवशी गेलं, ठिणगी पडली आणि खिशाला चिकटून बसलं, दाजींच्या हातून झालेला पहिला जोड तो. पण ते नंतर. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या बाई आत आल्या. तिशीच्या, ठेंगण्या, कोपरापर्यंत चामड्याचे हातमोजे, डोक्यावर हेल्मेट असं वर सरकवलेलं की जणू पातेल्यावरचं झाकण वाफेने उचललंय. त्यांनी आपलं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, कपाळाला एक आठी घातली, आणि दाजींच्या तोंडचं पाणी पळालं.

कारण ते आडनाव आणि ती आठी दाजींना पाठ होती.

झालं होतं असं, की चौदा-पंधरा वर्षांपूर्वी एक मुलगी वडिलांबरोबर त्यांच्या खोलीत आली होती. तिने चाळीस प्रश्नांना हातही लावला नाही. पिशवीतून एक मोठा कागद काढला आणि टेबलावर पसरला. तिने स्वतः काढलेला नकाशा, तिच्या वस्तीचा, त्यात प्रत्येक नळ, प्रत्येक जिना, कोणत्या कोपऱ्यावर कुत्रं झोपतं ते सुद्धा. म्हणाली, मला नकाशे काढायचेत. वडील म्हणाले, हिला समजवा. दाजींनी चष्मा काढला, मागे रेलले, नकाशे आता हाताने कुणी काढत नाही म्हणाले, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे. मुलगी रडली नाही, भांडली नाही. कपाळाला आठी घातली आणि त्या नकाशाची घडी घालायला लागली. अर्धी घडी, मग पाव, मग आणखी लहान, आणखी लहान, इतकी की शेवटी तो कागद मुठीत मावला. हजारेक पोरं विसरले दाजी, ही मूठ नाही विसरले. मला स्वतः म्हणाले, रस्त्यात कुणी नकाशा उघडला तरी मी पलीकडच्या फुटपाथवर जातो.

आणि आता ती मूठ हातमोजा घालून समोर उभी! बाईंनी दाजींकडे बघितलं आणि म्हणाल्या, काका, तुम्ही मागे बसू नका, पुढे या. बावीस वर्षं सर म्हणवून घेतलेला माणूस, एका क्षणात काका. पण दाजींना त्याचं दुःख नाही. ते त्या "काका"त आवाज तपासतायत... ओळखलं का? ओळखून मुद्दाम म्हणाली का? सूड कधी घेणार? आज की परीक्षेत?

बरं, काम तरी जमावं! वेल्डिंगमध्ये काय असतं, तुम्हाला साधं सांगतो, हातातल्या पकडीत एक रॉड, रॉड लोखंडाच्या प्लेटला घासायचा, ठिणगी पेटली की लगेच जरासा वर उचलायचा आणि मुंगीच्या चालीने पुढे न्यायचा. ऐकायला सोपं. दाजींचा रॉड घासला की चिकटायचा. उचलायला गेले की प्लेटसकट उचलला जायचा. ओढायला गेले की अर्धा तुटायचा. पोरं पहिल्या आठवड्यात सरळ रेघा मारायला लागली, दाजींची रेघ म्हणजे सर्दी झालेल्या माणसाची सही. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी हेल्मेट खाली घ्यायच्या आधी रॉड पेटवला, का, तर रॉड नेमका कुठं टेकवायचा ते दिसत नव्हतं म्हणून, आणि संध्याकाळी डोळ्यांत मूठ मूठ वाळू. ताईने डॉक्टरकडे नेलं, डॉक्टर म्हणाले दोन दिवस डोळे मिटून पडा. पडले. मी भेटायला गेलो तर मिटल्या डोळ्यांनी मला म्हणतात, कसं आहे, वेल्डिंगला मरण नाही. म्हटलं दाजी, वेल्डिंगला नसेल, मला वेल्डरची काळजी वाटते.

पण गंमत बघा हं, दीड महिन्यात हात बसायला लागला. पडद्यामागे एकटे असले की रेघ बरी यायची, वरची काळी खपली हातोडीने उडवली की खाली चक्क चकचकीत, एकसारखं. आणि बाई मागे येऊन उभ्या राहिल्या की हात असा थरथरायचा की सगळं मुसळ केरात. अडीच महिने हेच. बाईंसमोर रोज नवी विटंबना. आणि इकडे या गृहस्थांनी जर्नलच्या मागच्या पानावर माफीनामा लिहायला घेतला होता! मला वाचून दाखवला, पाच मुद्दे, प्रत्येक मुद्द्याला उपमुद्दे, खाली समारोप. मी म्हटलं हे काय परीक्षेचं उत्तर आहे का, सरळ जाऊन सांगा ना त्यांना. तर नाही! ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं.

शेवटी परीक्षा आली आठवड्यावर. परीक्षा कशी, तर दोन प्लेटा जोडायच्या, मग त्या जोडातून पट्टी कापायची, ती पट्टी यंत्रात घालून दुमडायची, पार इंग्रजी यू होईपर्यंत. जोडाला तडा गेला, नापास. नापास म्हणजे सर्टिफिकेट नाही, सर्टिफिकेट नाही म्हणजे नोकरी नाही, आणि ताईने तोवर लॅबमध्ये रविवारची जादा पाळी घेतली होती. तिने ती घेतल्याचं दाजींना सांगितलं नव्हतं, दाजींना ते कळलं होतं, आणि कळल्याचं त्यांनी तिला सांगितलं नव्हतं. घरात अशी शांतता की घड्याळसुद्धा जपून वाजायचं.

त्या आठवड्यात एका दुपारी, सगळी पोरं चहाला गेली, दाजी नळाशी हात धूत होते. बाई आल्या आणि बाजूच्या बाकावर बसल्या. म्हणाल्या, "काका, एक विचारू? मी मागे उभी राहिले की तुमचा हात का हलतो?"

संपलं. पाच मुद्दे, उपमुद्दे, समारोप, एक शब्द आठवेना. ओले हात तसेच, दाजी म्हणाले, "मॅडम, तुम्हाला इकडे मी पाठवलंय."

"कुठे?"

"इथं. वेल्डिंगला. तुम्ही शाळेत होतात तेव्हा. माझं चुकलं."

बाईंनी आठी घातली. मग म्हणाल्या, "मला कुणी नाही पाठवलं, काका. नाव घालायला आले त्या दिवशी शिवणकामाच्या खिडकीवर चाळीस मुली उभ्या होत्या आणि वेल्डिंगच्या खिडकीवर तिघं. दुपारी माझी मॅच होती. मी इकडे उभी राहिले."

दाजींना वाटलं, ही आपल्याला वाचवतेय, चांगली आहे. ते म्हणाले, "आणि नकाशा?"

"कसला नकाशा?"

दाजींनी सांगितलं. नळ, जिने, कुत्रं, सगळं. ओल्या हातांनी हवेत ती घडीसुद्धा घालून दाखवली. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि मग त्यांच्या कपाळावरची आठी पार निघून गेली.

"ती माझी धाकटी बहीण. आम्ही दिसतो सारख्या. ती नकाशेच काढते की. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात आहे, जमिनीखालच्या पाइपांचे नकाशे. आठ वर्षं झाली."

दाजी नळ बंद करायचं विसरले. बाईंनी उठून केला. दाजींनी फार हळू विचारलं, "पण तिला त्या वेळी कुणीतरी वेल्डिंग सुचवलं होतं ना?"

"असेल कुणीतरी म्हणालं," बाई म्हणाल्या. "ती ऐकते कुणाचं?" आणि शेडमध्ये निघून गेल्या.

तुम्हाला सांगतो, दाजी त्या बाकावर बसले. पहिल्यांदा त्यांना असं हलकं वाटलं, असं हलकं वाटलं, की चौदा वर्षांचं ओझं उतरलं, आपण कुणाचं वाटोळं केलं नाही! मग कुणीतरी चहाचा कप आणून दिला, तो अर्धा झाल्यावर दुसरा विचार आला. वाटोळं केलं नाही, म्हणजे भलंही केलं नाही. म्हणजे एक मुलगी खिडकीवर गर्दी कमी म्हणून आली, दुसरी कुणाचं ऐकत नाही म्हणून गेली नाही, आणि मधे आपण बावीस वर्षं चष्मा काढत आणि घालत बसलो होतो. उरलेल्या हजारेक पोरांचं तरी काय सांगावं? कपाटापलीकडच्या फुटबॉलचा तरी उपयोग झाला असेल! माफी मागायला गेलेला माणूस, तुम्ही गुन्हाच केलेला नाही म्हणून हाकलून लावलेला. हसावं की रडावं?

आणि काय केलं असेल त्यांनी? उठले, आत गेले, हेल्मेट खाली घेतलं आणि रॉड पेटवला. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. अख्खा रॉड संपेपर्यंत हात हलला नाही. खपली उडवली, बाईंनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "हं." बास. त्या "हं"बद्दल दाजींनी मला तीनदा फोन केला. मी म्हटलं, मनावरचं ओझं गेलं म्हणून हात थांबला असेल, दाजी. तर म्हणाले, ओझं कसलं रे, मला असा राग आला होता!

परीक्षा झाली. बाहेरून परीक्षक आले होते, त्यांनी दाजींची पट्टी यंत्रात घातली, दांडा दाबला, पट्टी वाकायला लागली. दाजी सांगतात, त्यांनी डोळे मिटले होते. मग कानावर काही आलंच नाही, मोडल्याचा आवाज नाही, कुणाचं हळहळणं नाही. डोळे उघडले तर परीक्षक पुढच्या पोराची पट्टी हातात घेऊन उभे, आणि यांची पट्टी टेबलावर, यू झालेली, तडा शून्य. ताईने ती पट्टी बघितली, धुतली, पुसली आणि टीव्हीच्या बाजूला ठेवली. तिने कौतुक केलं असं मी म्हणणार नाही. पण त्या रविवारी ती लॅबमध्ये गेली नाही.

नोकरीही लागली बरं का. हॉस्पिटलच्या खाटा बनवायचा कारखाना आहे, तिथं. दाजी दिवसाला चार खाटांचे पाय जोडतात आणि घरी येऊन त्या चारही खाटांची हकीकत सांगतात. वेल्डिंगला मरण नाही हे आता मलाही पटलंय, पण त्या खाटेवर झोपणाऱ्याचं काय, म्हणून मी आजारी पडायचं नाही असं ठरवून टाकलंय.

इथं थांबलं असतं तर काय बिघडलं असतं? पण गेल्या पंधरवड्यात ताईच्या घराचं पुढचं लोखंडी फाटक खिळखिळं झालं. बिजागरीपाशी सुटलं होतं. मी म्हटलं माणूस बोलावतो. दाजींनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी हॉटेलात त्यांच्यासाठी लहान मुलांची खुर्ची मागितलीय. कारखान्यातून मशीन मागून आणलं, शनिवारी सकाळी फाटकाशी बसले, हेल्मेट खाली, आम्ही सगळ्यांनी पाठ फिरवलेली. अर्ध्या तासाने म्हणाले, बघा. तुम्हाला खोटं सांगणार नाही, जोड असा आला होता, असा आला होता, माशाचे खवले एकावर एक रचल्यासारखा, वरपासून खालपर्यंत एक रेघ. शेजारच्या काकू बघायला आल्या. ताईने चपला घातल्या, फाटकाला हात लावला आणि ओढलं. परत ओढलं. मग मी ओढलं. मग मी आणि काकूंनी मिळून ओढलं.

बिजागरीची दोन्ही पानं, मधल्या खिळ्यासकट, जोडून टाकली होती. कॉलेजात जोडायचं कसं ते सगळं शिकवतात, जोडायचं नाही कुठं ते अभ्यासक्रमात नाही.

दाजी खाली बसले. हेल्मेट मांडीवर. मी म्हटलं, काही नाही हो, कारखान्यातून कटर आणतो, पाच मिनिटांत मोकळं होईल. आणि तुम्हाला सांगतो, मी एक पाऊल टाकलं असेल नसेल, ताईने माझा दंड धरला. वाकून त्या जोडावरून बोट फिरवलं, वरून खालपर्यंत, आणि म्हणाली, "राहू दे रे. किती सरळ आलाय."

म्हणून म्हणतो, कधी त्यांच्याकडे जाणार असाल तर फाटकाशी झटापट करू नका. काकूंच्या अंगणातून जा, मोरीच्या बाजूने, मागचं दार उघडंच असतं. वाकून जा तेवढं. मी दोनदा डोकं आपटलंय.